अकरा देशांचा शिपाई

बूट बघून माणूस ओळखणारे पुष्कळ भेटतील. लष्करी कोठाराचे बूटमास्तर बूट बघून देश ओळखत. नुसता देश नव्हे. तिथलं सैन्य चालतं जास्त की सलाम ठोकतं जास्त, तिथले साहेब शिपायाला नावानं हाक मारतात की नंबरानं, गेली लढाई ते खरंच जिंकले की जिंकल्याचं नुसतं छापून आणलं, हे सगळं ते टाचेवरून अंगठा फिरवून सांगत. एकदा म्हणे नाडीच्या गाठीवरून त्यांनी सांगितलं की या शिपायाची बायको डावखुरी आहे. चौकशी केली तर शिपाई बिनलग्नाचा निघाला. पण पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं आणि बायको डावखुरीच मिळाली. आता यात मास्तरांचं चुकलं काय? थोडं आधी सांगितलं, एवढंच.

तर अशा माणसाला समितीवर घेतलं यात नवल नाही.

समिती होती तुलनेची. जगातली सैन्यं आपल्या शिपायाला काय शिकवतात, अंगावर काय चढवतात, पाठीवर काय लादतात हे डोळ्यांनी बघायचं, एकाशी एक ताडून पाहायचं आणि त्यातून आपला शिपाई नव्यानं घडवायचा, असा सरकारचा हुकूम. समितीची साहेबमंडळी सात महिने अकरा देश हिंडून आली. जाताना जे पट्टे कमरेला बांधून गेली ते येताना एकालाही पुरेनात. मास्तरांनी सगळ्यांना नवे कापून दिले. सोबत आले एकशे चाळीस खोके. कोठाराच्या मोठ्या हॉलमध्ये अकरा लाकडी पुतळे ओळीनं उभे राहिले, प्रत्येकाच्या अंगावर एकेका देशाचा सगळा साज. डोक्यापासून पायापर्यंत, दातांच्या ब्रशसकट. बाराव्या पुतळ्याला अजून नुसता लंगोट होता. तो आपला.

समितीत मास्तरांचा हुद्दा होता ‘पादत्राण सल्लागार’. म्हणजे असं, की शेवटच्या खुर्चीवर बसायचं आणि विचारलं तर बोलायचं. पहिल्या बैठकीपासून कुणी काही विचारलं नव्हतं. पण हे काही घरी सांगण्यासारखं नाही. घरी मास्तर म्हणत, “सबंध फौज आता माझ्या शब्दावर पाय टाकणार आहे.”

आणि घरी हे कान देऊन ऐकणारं एक माणूस होतं. थोरली लेक लग्न होऊन लांब गेली होती. धाकटीनं गेल्या वर्षी एका सकाळी फौजेत नाव घातलं आणि दुपारी जेवताना सांगितलं. तिची आई दोन दिवस बोलली नाही. मास्तर दोन दिवस थांबले नाहीत. गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले. आता धाकटीच्या तुकडीत बत्तीस जणी होत्या, ट्रेनिंग संपत आलं होतं आणि महिनाअखेर तुकडी सरहद्दीवर निघणार होती. समिती जो साज मंजूर करील तो पहिल्यांदा याच बत्तीस जणींच्या अंगावर चढणार होता.

रविवारी धाकटी घरी आली, तीन पोळ्या उभ्यानंच खाल्ल्या आणि म्हणाली, “बाबा, खरं सांगा. बूट कुठल्या देशाचे ठरले?”

“ते गुपित असतं. सरकारी.”

“म्हणजे यांना माहीत नाही,” आई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

“तू गप गं. अकरा देशांचे बूट या हातांखालून गेलेत. मी हो म्हटल्याशिवाय एक टाका पडायचा नाही.”

“म्हणजे आमच्या पायात तुमचे बूट!”

“माझेच म्हण,” मास्तर म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

हे वाक्य त्यांना पुढे महागात पडणार होतं. पण त्या घटकेला ते फार गोड लागलं.

“अगं, बस तरी खाली,” आई म्हणाली.

“सवय गेली बसायची. कवायतीचे उस्ताद बसूच देत नाहीत. परवा एकीला उन्हात चक्कर आली, आडवी झाली. उस्ताद म्हणाले, बेशुद्ध पडायला माझी हरकत नाही, पण उभ्यानं.” धाकटी स्वतःच हसली. “नऊ महिन्यांत दोनच गोष्टी शिकवल्यात आम्हाला. पडायचं नाही आणि विचारायचं नाही. दुसऱ्या देशांत काय शिकवतात हो?”

मास्तरांना तेवढंच हवं होतं. ते म्हणाले, “एका देशात पोहायला शिकवतात, तेही बूट घालून. एका देशात पहिला महिनाभर बंदूक हातात देतच नाहीत, नुसती तक्रार कशी लिहायची ते शिकवतात. अर्ज चुकला तर दोन फेऱ्या. आणि डोंगराकडे एक गरीब देश आहे. तिथं सुई, दोरा, आरी हे सगळं शिपायाच्या खिशात असतं. ज्याचे त्यानं बूट शिवायचे. आणि रोज संध्याकाळी त्यांचा साहेब गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय बघतो.”

“साहेब? गुडघ्यावर?”

“बोटांच्या फटी उघडून बघतो. फोड दिसला तर साहेबाचा पगार कापतात.”

“मग जिंकला का तो देश?” आईनं विचारलं.

“जिंकला नाही,” मास्तर म्हणाले. “पण घरी चालत परत आला.”

यातलं किती खरं आणि किती मास्तरांनी पदरचं घातलेलं, हे धाकटीला लहानपणापासून कळत नव्हतं आणि त्यामुळे तिचं काही बिघडलंही नव्हतं. मास्तरांची थाप म्हणजे घरचं लोणचं. सगळ्यांना माहीत, सगळ्यांना हवं.

मंगळवारी निवडीची बैठक झाली.

समितीचे सचिव मोठे पद्धतशीर गृहस्थ. त्यांनी प्रत्येक वस्तूला शंभरपैकी गुण दिले होते आणि ज्या देशाच्या वस्तूला जास्त गुण ती वस्तू आपली, असा सरळ न्याय लावला होता. पाठीवरची पिशवी घेतली उंच माणसांच्या देशाची, कारण तिच्यात सामान सगळ्यात जास्त मावत होतं. पाण्याची बाटली घेतली बेटांच्या देशाची, कारण ती सगळ्यात हलकी. शिरस्त्राण घेतलं वाळवंटातलं, मानेवर झालर असलेलं. आणि बूट घेतले बर्फाच्या देशाचे. अठ्ठ्याण्णव गुण! दहा वर्षं वापरलेला नमुना, पण तळ कालच शिवल्यासारखा.

मास्तरांनी तो बूट आदल्याच दिवशी हातात घेऊन बघितला होता. एक बूट अडीच किलोचा. तळ वाकवायला गेले तर तो वाकेना. दोन्ही हातांनी वाकेना, गुडघ्यावर धरून वाकेना. टाचेला मागून बोटभर खोल खाच. मास्तरांनी खाचेतून अंगठा फिरवला आणि त्यांना घाम फुटला.

आता न विचारताच ते उभे राहिले. “साहेब, तिथला शिपाई चालत नाही.”

“म्हणजे?” सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं.

“घसरतो. पायाला लांब फळ्या बांधतो आणि बर्फावरून घसरत जातो. ही टाचेची खाच फळीच्या पट्ट्यासाठी आहे. तळ झिजणार कसा? तो जमिनीला लागतोच कुठं?”

 एका साहेबांनी खोकून घेतलं.

“त्या खाचेचे आम्ही चार गुण दिलेत,” सचिव म्हणाले. “पकडीसाठी.”

“आपल्याकडे बर्फ फक्त मासेवाल्याच्या टोपलीत असतो, साहेब!”

सगळे हसले. सचिवही हसले. हेडक्लार्क इतिवृत्त लिहीत होता. त्यानं ‘हशा’ असं लिहिलं. बर्फाचं लिहिलं नाही.

मास्तर खाली बसेनात. “ती बाटली पण बघा. बेटांवरचा शिपाई दर तासाला बोटीवर परत जातो आणि पाणी पितो. म्हणून त्याची बाटली एवढीशी. आपला शिपाई दिवसभर कुठल्या बोटीवर जाणार? आणि ती पिशवी सहा फुटी माणसाची...”

“मास्तर,” सचिव समजुतीनं म्हणाले, “तुम्ही पादत्राण. पिशवी खांद्याच्या विभागात येते.”

मग बाराव्या पुतळ्याचा लंगोट सोडून त्याच्यावर अकरा देशांचा उत्तमोत्तम साज चढवला. चार माणसं लागली. शेवटी पाठीवर पिशवी अडकवली आणि सगळे कौतुकानं दोन पावलं मागे सरले. तोच पुतळा धाडकन मागच्या मागं उताणा पडला. टाळूला तडा गेला.

 जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सचिव पुतळ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “पुतळ्यात दोष आहे.”

सुतार आला. त्यानं पुतळ्याच्या पायातून लोखंडी सळई घातली आणि ती थेट फरशीत ठोकली. पुतळा पुन्हा उभा केला, हलवून पाहिला. तसूभर ढळला नाही. सचिवांनी तक्त्यात लिहिलं: ‘स्थैर्य उत्तम.’

बैठक उठली तसे मास्तर सचिवांच्या मागे धावले. “एकदा जिवंत माणसाच्या अंगावर घालून बघा, साहेब. एकदाच.”

“कशाला? पुतळ्यानं काही तक्रार केली का?”

इथं हेडक्लार्क मदतीला आला. माणूस मास्तरांच्या बरोबरीनं कोठारात लागलेला, नियमांचा किडा. त्यानं फायलींच्या तळातून एक जुना नियम शोधून काढला. मागे कधीतरी बँडवाल्यांसाठी पिसांच्या टोप्या आणल्या होत्या आणि पिसं वाजवणाऱ्यांच्या नाकात जाऊन ऐन समारंभात सगळा बँड शिंकला होता. तेव्हापासूनचा नियम, की जी वस्तू जिवंत माणसानं घालायची ती खरेदीआधी एकदा तरी जिवंत माणसानं घातली पाहिजे. सचिव नियमाचे माणूस. त्यांनी लगेच बरॅकीला पत्र धाडलं: पाच फूट चार इंच उंचीचा एक शिपाई, एक दिवसापुरता, परत करण्याच्या अटीवर. उंची पुतळ्याची दिली होती.

चाचणी ठरली ती अशी, की सगळा साज घालून कोठाराच्या आवारभिंतीला चाळीस फेऱ्या मारायच्या. म्हणजे वीस किलोमीटर. मास्तरांनी मनातल्या मनात गणित केलं. तिसऱ्या फेरीला पायाला फोड, पाचवीला पाणी संपणार, दहावीला कसलाही गडी आडवा. एकदा तो आडवा झाला की बूट नापास. मग त्यांनी हेडक्लार्कला चहा पाजला आणि वर म्हणाले, “बघ, परवा काय होतंय ते. असा पडेल, असा पडेल की सचिवांच्या मांडीवर येऊन पडेल.”

परवा उजाडला. मास्तर फाटकाशी उभे होते. बरॅकीची गाडी थांबली आणि मागचं फळकूट पाडून खाली उडी मारली धाकटीनं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “तू?”

“मीच!” तिचा चेहरा नुसता उजळला होता. “उस्तादांनी विचारलं, पाच फूट चार इंचात कोण कोण बसतं? सात जणी होतो. मी पहिला हात वर केला. म्हटलं, बाबांच्या बुटांची परीक्षा, दुसरीला कशाला जाऊ द्या?”

“बाळ, अगं ऐक, ते बूट...”

“वेळ झाली!” सचिव घड्याळ घेऊन आलेच. धाकटीनं कडक सलाम ठोकला आणि ती आत गेली. ती बाहेर आली तेव्हा लेक कुठली आणि पिशवी कुठली हे लांबून सांगता येत नव्हतं. पिशवीचा तळ तिच्या गुडघ्यांच्या मागे आपटत होता. पाऊल टाकताना आवाज येत होता तो सुताराच्या दुकानात यावा तसा.

सचिवांनी भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकली. मास्तर सल्लागार असल्यामुळे त्यांना बरोबर चालून निरीक्षण करायची मुभा होती. पहिल्या चार फेऱ्या ते नुसते धापा टाकत चालले. पाचव्या फेरीला कोपरा वळून सचिव दिसेनासे झाल्यावर हळूच म्हणाले, “पोरी, पड.”

तिनं समोर बघत चालणं सोडलं नाही. “काय?”

“पड गं. बस खाली. चक्कर आली म्हण.”

“चालताना बोलायचं नसतं, बाबा.”

सहाव्या फेरीत बाटली संपली. ती तिनं उलटी करून दोनदा झटकली आणि परत पट्ट्याला लावली. नवव्या फेरीला तिची चाल बदलली. हे फक्त मास्तरांना कळलं. डावा पाय ती सबंध उचलून सबंध ठेवत होती, जसं आपण भरलेलं भांडं ठेवतो.

“ते बूट माझे नाहीत!” मास्तर कळवळून म्हणाले. “बर्फावर घसरायचे बूट आहेत ते! मी नाही पसंत केले, मी नको म्हणत होतो. समितीत मला कुत्रं विचारत नाही!”

धाकटी हसली. ओठ कोरडे पडले होते, ते हसताना फाटले. “आता घाबरून असं बोलताय. एवढी काळजी करू नका, बाबा. तुमचे बूट नापास होऊ देईन का मी?”

जन्मभर थापा ऐकलेली पोर ती. बाप उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलला, आणि तेवढं मात्र तिला पटेना.

मास्तरांनी मग काय नाही केलं? पंधराव्या फेरीला वाटेत पाणी ओतून घसरडं केलं. ती पिशवीसकट वळसा घालून गेली. अठराव्या फेरीला स्वतःच छाती धरून खाली बसले. ती म्हणाली, “हेडक्लार्ककाका, बाबांना सावलीत न्या,” आणि पुढे गेली. तिसाव्या फेरीनंतर ती बोलायची थांबली. तिचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी बघत नव्हतं. उस्तादांचं ते उभ्यानं बेशुद्ध पडणं मास्तरांना आतापर्यंत विनोद वाटत होतं.

रक्त कुठं दिसलं नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून तो बूट असा घट्ट शिवला होता, की आतलं बाहेर यायलाही फट नव्हती.

चाळीसावी फेरी संपली. धाकटी सचिवांसमोर येऊन उभी राहिली. टाचा जुळल्या, हात कपाळाशी गेला.

“काही तक्रार?” सचिवांनी विचारलं.

“नाही, साहेब!”

सचिवांनी घड्याळ बंद केलं. सगळ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “काय पण साज निवडलाय!” सचिवांनी पुतळ्याच्या तक्त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि मंडळी जेवायला गेली.

मास्तरांनी धाकटीला आपल्या कारखान्यात आणून स्टुलावर बसवलं. बूट निघेनात. शेवटी त्यांनी रापी घेतली आणि अठ्ठ्याण्णव गुणांचे ते बूट वरपासून खालपर्यंत चिरले. मोजे सोलावे लागले. टाचांवर कातडी म्हणून काही उरली नव्हती. दोन नखं मोज्यातच राहिली. त्यांनी घमेल्यात कोमट पाणी ओतलं आणि ते गुडघ्यांवर बसले.

पायाला पाणी लागलं तेव्हा तिनं स्टूल घट्ट धरलं. मग खाली पडलेल्या चिरलेल्या बुटाकडे तिची नजर गेली. ती वाकली, टाचेतल्या खाचेत तिनं बोट घातलं आणि बराच वेळ ते तिथंच ठेवलं.

“फळीचा पट्टा?” तिनं विचारलं.

“हो.”

“म्हणजे तुम्ही खरं सांगत होतात.”

“मला वाटलं, कोणी तरी येईल, पडेल आणि हे बूट जातील. तू येशील असं वाटलं नव्हतं गं.”

“पडायला हवं होतं मी?”

मास्तरांनी मान डोलावली.

“मग रविवारी का नाही सांगितलंत?” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “मी विचारलं होतं ना? पोळी खाताना विचारलं. तुम्ही म्हणालात, माझेच म्हण. एवढंच सांगायचं होतं, की बाई, मला तिथं कोणी विचारत नाही. काय बिघडलं असतं? आईनं टोमणा मारला असता. त्याची तर तुम्हाला सवय आहे.”

“चुकलं माझं.”

“एकतीस जणी आहेत मागे. त्यातली एक माझ्या खांद्याला लागते, एवढीशी. मी चालले म्हणून आता तिला चालायला लागणार.” तिनं पाय घमेल्याबाहेर काढले. “जा. हे बूट घेऊन जा आणि दाखवा त्यांना. माझे पायही दाखवते, हवं तर.”

मास्तर चिरलेले बूट हातात घेऊन सचिवांच्या खोलीत गेले. हेडक्लार्क कोपऱ्यात टाइप करत होता. सचिवांनी बुटांच्या आत पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि बूट टेबलावरून खाली ठेवायला सांगितलं.

“मास्तर, शिपाई म्हणते, तक्रार नाही. बाप म्हणतो, आहे. मी नोंद कुणाची घेऊ?”

“मी सही करणार नाही,” मास्तर म्हणाले. पादत्राण सल्लागाराच्या सहीशिवाय बुटांचा हुकूम निघत नव्हता. नऊ महिन्यांत त्यांच्या हातात आलेली एवढी एकच गोष्ट.

“नका करू. दुसरा सल्लागार नेमायला मला तीन आठवडे लागतील.” सचिवांनी कॅलेंडर बघितलं. “तोवर तुमची तुकडी जुन्या बुटांत निघून जाईल. पुढची नव्या बुटांत जाईल. बस, एवढाच फरक.”

एवढाच. पण बत्तीस जणींच्या पायांना तो पुरेसा होता. मास्तरांनी सचिवांकडे पाठ फिरवली असती तर काम झालं होतं.

“दुसरं असं,” सचिव म्हणाले, “पुढच्या महिन्यात परदेशी शिष्टमंडळं येतायत. त्यांनाही तुलना करायची आहे. आपला शिपाई बघायचाय. पुतळा काही दाखवण्यासारखा राहिला नाही, टाळूला चीर आहे. मला एक नमुना शिपाई हवाय. पाच फूट चार इंच. सरहद्दीवर जायचं नाही. इथंच हॉलमध्ये उभं राहायचं, दोन वर्षं, तीन वर्षं, जोवर शिष्टमंडळं येतायत तोवर. आज मी तिची चाल बघितली. अशी स्थिर पोर मिळायची नाही.” त्यांनी कागद पुढे सरकवला. वर बुटांचा हुकूम, खाली नमुन्याचा, सहीची जागा एकच. “आणि नमुन्याच्या पायात कुणाचे बूट आहेत ते वाकून कोण बघतंय?”

जुन्या बुटांतली सरहद्द झाली तरी ती सरहद्दच. तिथून परत न आलेल्यांचे बूट मास्तरांच्याच कारखान्यात दुरुस्तीला येत.

पेन उचलायला आपल्याला फार वेळ लागला असं मास्तर पुढे सांगत. हेडक्लार्क समोर होता. तो म्हणतो, टोपण आधीच काढलेलं होतं.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी धाकटीच्या पायाच्या मापाचे बूट शिवले. इतकं मऊ चामडं त्यांनी कधी कापलं नव्हतं. धाकटी बरॅकीच्या दवाखान्यात होती. तिनं विचारून पाठवलं, ‘सांगितलंत का?’ मास्तरांनी निरोप दिला, ‘सांगितलं.’ आणि ते खोटं नव्हतंच.

महिनाअखेर तुकडीला साज चढवायला सकाळी कोठारातच आणलं. यादी वाचली तेव्हा एकतीस नावं निघाली. धाकटी रांगेतून पुढे आली. उस्तादांनी तिच्या हातात वेगळा कागद दिला. तिनं वाचला. खालची बापाची सही वाचली. मग हेडक्लार्ककडे जाऊन म्हणाली, “काका, हे रद्द होतं का?”

“तुझ्या अर्जानं नाही होत गं,” तो म्हणाला आणि फाइलीत तोंड घालून बसला.

तिला फाटकाशी एका चौथऱ्यावर उभं केलं. अंगावर अकरा देशांचा साज, पिशवीत कागदाचे बोळे, पायात बापाचे बूट. फोटोवाला आला होता. तिच्या समोरून तिची तुकडी निघाली. खांद्याला लागणारी ती एवढीशी शेवटच्या ओळीत होती. पिशवीखालून तिचे फक्त बूट दिसत होते. जाताना तिनं धाकटीच्या पायांकडे बघितलं. बुटांचा बदल ध्यानात यायला तिला मास्तरांइतकं कसब लागलं नाही.

मास्तर फाटकाच्या खांबाला टेकून उभे होते. एकतीस जणी म्हणजे बासष्ट फळ्या रस्त्यावर आपटत होत्या. त्यांना न बघताही कळत होतं: दुसऱ्या ओळीतली उजव्या पायानं आत्ताच लंगडतेय, चौथीतल्या एकीचा बूट दोन बोटं मोठा आहे, त्या एवढीशीनं आत कागद कोंबलाय. इतके दिवस त्यांनी एकीचाच विचार केला होता. आता वळणापर्यंत त्यांना एकूण एक पाय वेगळा ऐकू येत राहिला, आणि वळणानंतरही.

फोटोवाला गेला. साहेब चहाला गेले. रस्त्यावरची धूळ बसली. धाकटी तशीच उभी, नजर समोर.

“उतर आता, बाळ,” मास्तर म्हणाले. “दुखतंय का? जरा सैल करू का नाडी?”

तिनं मान वळवली नाही. कवायतीच्या आवाजात, स्पष्ट, तिनं विचारलं, “नमुन्याला हलायची परवानगी आहे का, साहेब?”

मास्तरांनी नाडीकडे नेलेला हात मागे घेतला. मग ती परवानगी कुणी द्यायची असते, हे हेडक्लार्कला विचारायला आत गेले.